चीनचा नकाशा कुठून वाचायला घ्यावा?

ऐरोलीहून राज्यसेवेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आला आहे. आशय असा: "सर, चीन क्षेत्रफळानं भारताच्या जवळजवळ तिप्पट आणि लोकसंख्या दोन्हीकडे साधारण सारखी. म्हणजे चिनी माणसाच्या वाट्याला तिप्पट जागा यायला हवी. तरी त्यांचा पूर्व भाग इतका दाट का? आणि पर्वत, नद्या, प्रांत, जमाती अशी यादी कितीदा पाठ केली तरी देश डोळ्यांपुढे उभा राहत नाही. सुरुवात कुठून करू?"

ठाण्यात भूगोल शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. चीनचा धडा आपल्याकडे बहुतेक वेळा यादीसारखाच उरकला जातो, याची खंत मला कायम वाटत आली आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल. शेजारी चीनचा एक आराखडा नकाशा आणि पेन्सिल घेऊन बस.

तुझा भागाकार बरोबर आहे. चीनचं क्षेत्रफळ सुमारे ९६ लाख चौरस किलोमीटर, भारताचं ३२.८७ लाख. चीनच्या २०२० च्या जनगणनेत १४१ कोटी माणसं मोजली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये आपण त्यांना मागे टाकलं. चीनची सरासरी घनता दर चौरस किलोमीटरला दीडशेच्या आसपास येते आणि आपली चारशेच्या वर जाते. आता हाच भागाकार शेतजमिनीनं करून बघ. चीनच्या तिसऱ्या राष्ट्रीय भूमी सर्वेक्षणात, म्हणजे २०१९ च्या स्थितीनुसार, लागवडीची जमीन सुमारे १२.८ कोटी हेक्टर भरली. भारतात नुसतं निव्वळ पेरणी क्षेत्र १४ कोटी हेक्टरच्या घरात आहे. तिप्पट मोठ्या देशाकडे पिकवायला जमीन आपल्यापेक्षा कमी आहे. चीनचा सगळा भूगोल, प्राकृतिक काय आणि मानवी काय, या एका विसंगतीतून उलगडत जातो.

सरासरी कशी फसवते याचं उदाहरण तुझ्या जिल्ह्यातच आहे. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्हा देशात सर्वाधिक लोकसंख्येचा ठरला होता, १ कोटी १० लाखांहून जास्त. तेव्हा पालघर वेगळा झालेला नव्हता. तो १ ऑगस्ट २०१४ ला झाला. म्हणजे जव्हार आणि मोखाड्याचे डोंगरपाडे आणि कल्याण, ठाणे, नवी मुंबईतल्या इमारती एकाच भागाकारात होत्या. दर चौरस किलोमीटरला साडेअकराशे हा जो आकडा निघायचा, तो मोखाड्याला लागू नव्हता आणि ठाणे शहरातल्या नौपाड्यालाही नव्हता. चीनच्या दीडशेबद्दल हेच समज, फक्त प्रमाण खंडाएवढं मोठं.

आता पेन्सिल उचल. चीनच्या ईशान्य टोकाला, रशियाच्या सीमेवर आमूर नदीच्या काठी हेइहे नावाचं शहर आहे. नैर्ऋत्येला, म्यानमारच्या सीमेजवळ युन्नान प्रांतात तेंगचोंग आहे. या दोन बिंदूंना जोडणारी सरळ तिरकी रेषा ओढ. १९३५ मध्ये हू ह्वान्योंग या भूगोलतज्ज्ञानं ही रेषा आखली. त्या काळात देशाची विश्वासार्ह जनगणना उपलब्ध नव्हती. त्यांनी ठिकठिकाणची लोकसंख्येची माहिती गोळा केली आणि ठरावीक माणसांमागे एक ठिपका असा नकाशा तयार केला. ठिपके पडले आणि देश दोन भागांत विभागलेला दिसला. रेषेच्या आग्नेयेला ३६ टक्के भूमी आणि ९६ टक्के माणसं. वायव्येला ६४ टक्के भूमी आणि अवघी ४ टक्के. त्यांच्या हिशेबात तेव्हा मंगोलियाही धरलेला होता. आजच्या सीमांनुसार मोजलं की आग्नेय बाजूला साधारण ४३ टक्के भूमी आणि ९४ टक्के माणसं येतात.

या आकड्यावर थोडं थांब. १९३५ नंतर चीननं जपानी आक्रमण पाहिलं, यादवी युद्ध पाहिलं, १९४९ ची क्रांती, मोठा दुष्काळ, १९७८ नंतरचं आर्थिक परिवर्तन, सगळं पाहिलं. लोकसंख्या ४५ कोटींच्या आसपास होती ती १४१ कोटींवर गेली. पश्चिमेकडे लोहमार्ग गेले, खाणी उघडल्या, सरकारनं माणसं नेऊन वसवली. तरीही रेषेच्या दोन बाजूंचं प्रमाण एक-दोन टक्क्यांपलीकडे हललं नाही. राजवट बदलली तरी न बदलणारं असं काही तिथे आहे, आणि ते मुख्यतः पाऊस आणि उंची.

उंची आधी, कारण ती पटकन समजते. चीनची भूमी पश्चिमेकडून पूर्वेकडे तीन पायऱ्यांनी उतरते. पहिली पायरी तिबेटचं पठार, सरासरी ४,००० मीटरच्या वर. कुनलुन, छिलियन आणि हेंगदुआन पर्वत उतरलं की दुसरी पायरी, साधारण १,००० ते २,००० मीटर: मंगोलियाचं पठार, लोएसचं पठार, युन्नान-ग्वेइचौ. याच पायरीत तारिम आणि सिचुआन ही खोल खोरीही बसलेली आहेत. मग बृहत् खिंगन, थायहांग आणि वूशान या रांगा ओलांडल्या की तिसरी पायरी, बहुतेक ५०० मीटरच्या खाली: ईशान्येचं मैदान, उत्तर चीनचं मैदान, यांगत्सेचं खालचं खोरं आणि दक्षिणेच्या टेकड्या. पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्या, गाळाची मैदानं आणि माणसं, तिन्ही या खालच्या पायरीवर जमा होतात. परीक्षेत पायऱ्यांवर प्रश्न आला तर पर्वतांची नावं याच क्रमानं लिही, उत्तर आपोआप नीट मांडलं जाईल.

पावसाकडे मात्र सावकाश बघायला हवं. हूची रेषा साधारणपणे वार्षिक ४०० मिलिमीटरच्या समपर्जन्य रेषेच्या (सारखा पाऊस पडणारी ठिकाणं जोडणाऱ्या रेषेच्या) आसपास जाते. त्याहून कमी पाऊस असेल तर सिंचनाशिवाय शेती टिकत नाही आणि माणूस जनावरं घेऊन फिरायला लागतो. चीनची प्रसिद्ध भिंतसुद्धा बऱ्याच लांबीत शेती आणि कुरणं यांच्या या सीमाप्रदेशातून जाते. कोकणात अडीच हजार मिलिमीटर आणि सह्याद्री ओलांडून माण-खटावला गेलं की पाचशेच्या आसपास, ही पर्जन्यछाया आपण लहानपणापासून जाणतो. चीनमध्ये अशी एकच रांग आडवी येत नाही. पॅसिफिक आणि दक्षिण चीन समुद्रावरून आलेलं बाष्प आत जाता जाता हजारो किलोमीटरांत विरत जातं, आणि हिंदी महासागराकडून येऊ शकणारं बाष्प हिमालय आणि तिबेटचं पठार अडवून धरतात. शिनजियांगमधलं उरुमची हे समुद्रापासून अत्यंत दूर असलेल्या मोठ्या शहरांत मोजलं जातं. तिथवर मान्सून पोचत नाही.

पूर्व चीनमध्ये मान्सून येतो, पण त्याची चाल आपल्यासारखी नाही. मे महिन्यात दक्षिणेला सुरू झालेला पावसाचा पट्टा जूनच्या मध्यावर यांगत्सेच्या खोऱ्यात येतो, तिथे काही आठवडे रेंगाळतो आणि जुलैच्या अखेरीस उत्तरेकडे सरकतो. तो यांगत्सेवर जास्त काळ अडकला की तिथे महापूर, आणि उत्तरेला उशिरा किंवा थोडाच पोचला की तिथे दुष्काळ. १९३१, १९५४ आणि १९९८ चे यांगत्सेचे पूर अशाच लांबलेल्या पावसातून आले.

हिवाळ्याचा फरक तुला एका आडव्या रेषेनं दाखवतो. ठाणे साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेच अक्षवृत्त पूर्वेकडे चीनपर्यंत नेलंस तर ते फक्त हैनान बेटातून जातं. चीनची मुख्य भूमी संपूर्णपणे त्याच्या उत्तरेला राहते. हैनानच्या उत्तर टोकाचं हायकोउ शहर आपल्यापेक्षा जेमतेम एका अंशानं वर आहे, तरी तिथलं जानेवारीचं सरासरी तापमान १८ अंशांच्या आसपास असतं, मुंबई-ठाण्यापेक्षा बरंच कमी. सायबेरियावर हिवाळ्यात जड थंड हवेचा मोठा उच्चदाब तयार होतो आणि तिथून वारे दक्षिणेकडे सुटतात. आपल्याकडे हिमालय त्यांना थोपवतो. पूर्व चीनला असा पाठीराखा नाही. म्हणून हार्बिनमध्ये जानेवारीत पारा सरासरी शून्याखाली १८ अंशांच्या आसपास असतो. आपल्या बहुतेक भागात पाणी मिळालं तर बाराही महिने काहीतरी पिकवता येतं; तिकडे उत्तरेला थंडीच हंगाम कापून टाकते.

इथे दुसरी रेषा ओढायची. छिनलिंग पर्वत आणि त्याच्या पूर्वेला वाहणारी ह्वाय नदी यांना जोडणारी, पश्चिम-पूर्व. १९०८ मध्ये झांग शियांगवेन यांनी ती उत्तर आणि दक्षिण चीनची सीमा म्हणून मांडली. जानेवारीची शून्य अंशाची समताप रेषा (सारखं तापमान असलेली ठिकाणं जोडणारी) साधारण इथून जाते, ८०० मिलिमीटरची समपर्जन्य रेषाही इथेच. छिनलिंगचं सर्वोच्च शिखर थायबाइ ३,७७१ मीटर उंच आहे आणि रांग पूर्व-पश्चिम असल्यामुळे थंड वाऱ्यांना ती बऱ्यापैकी अडवते. उत्तरेला गहू, ज्वारी-बाजरीच्या जातीची भरड धान्यं आणि मका, दक्षिणेला भात. उत्तरेच्या ताटात नूडल्स आणि वाफवलेले पाव, दक्षिणेच्या ताटात भात. १९५० च्या दशकात सरकारनं शहरांतल्या घरांना सामायिक उष्णता पुरवायची ठरवली तेव्हा याच रेषेच्या उत्तरेला ती दिली. त्यामुळे रेषेच्या जरा दक्षिणेला असलेल्या शहरांतले लोक आजही हिवाळ्यात आपापली सोय करतात. नकाशावरची एक हवामानाची रेषा माणसाच्या स्वयंपाकघरात आणि बिलात अशी पोचते.

या दोन रेषा काढल्यास की चीनचे तीन भाग हातात येतात: कोरडा, उंच, विरळ पश्चिम, गव्हाची उत्तर, भाताची दक्षिण. बाकी सगळी माहिती या तीन भागांत लावत जायची.

उत्तरेचं मर्म पिवळ्या नदीत आहे, आणि त्यासाठी आधी लोएस समजून घे. गोबी आणि आजूबाजूच्या वाळवंटांतून वाऱ्यानं लाखो वर्षं बारीक धूळ वाहून आणली आणि पिवळ्या नदीच्या मधल्या टप्प्यात तिचं पठार झालं, सुमारे ६ लाख ४० हजार चौरस किलोमीटर. काही ठिकाणी थर शंभर-दोनशे मीटर जाडीचा आहे. ही माती हातात घेतली तर पिठासारखी, पण कापली की भिंतीसारखी सरळ उभी राहते. तिच्यात गुहा खोदून माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली: उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. १५५६ मध्ये शान्शी भागात भूकंप झाला तेव्हा अशी घरं कोसळली आणि परंपरेनं सांगितलेला मृतांचा आकडा ८ लाख ३० हजार आहे. नोंदलेल्या इतिहासातला हा सर्वात प्राणघातक भूकंप मानला जातो. आपल्या दख्खनची काळी माती बेसॉल्टच्या कुजण्यातून जागच्या जागी तयार झालेली आणि पाणी धरून ठेवणारी. लोएस वाऱ्यानं आणलेला आणि पाण्यानं सहज वाहून जाणारा. हा फरक मनात पक्का कर.

उन्हाळ्यातला जोराचा पाऊस या पठारावर पडला की माती नदीत येते. पिवळी नदी वर्षाला सुमारे १६० कोटी टन गाळ वाहून नेत असे. जगातल्या मोठ्या नद्यांत असं प्रमाण दुसरीकडे नव्हतं. पर्वतातून बाहेर पडून मैदानात आली की तिचा वेग मंदावतो आणि गाळ तळाशी बसतो. तळ वर येतो, लोक काठावर बांध घालतात, तळ आणखी वर येतो, बांध आणखी उंच होतात. शतकानुशतकं असं झाल्यावर कैफेंग शहराजवळ नदीचा तळ भोवतालच्या जमिनीपेक्षा कित्येक मीटर उंच गेला. आपल्याकडे पूर ओसरला की पाणी नदीत परततं. तिथे बांध फुटला तर पाणी नदीत परत जाऊच शकत नाही, कारण नदी वर आणि शेत खाली. म्हणून पिवळी नदी पात्र सोडते तेव्हा तिचा समुद्राला मिळण्याचा मार्गच बदलतो. १८५५ पर्यंत ती शान्दोंग द्वीपकल्पाच्या दक्षिणेला समुद्राला मिळत होती. त्या वर्षी बांध फुटला आणि ती उत्तरेला वळली. मुखाचं स्थान शेकडो किलोमीटर सरकलं. १८८७ च्या पुरात किमान ९ लाख माणसं गेली असं सांगितलं जातं. जून १९३८ मध्ये जपानी सैन्याला रोखण्यासाठी चीनच्या राष्ट्रवादी सरकारनंच ह्वायुआनकोउ इथे बांध फोडला. नदी दक्षिणेला ह्वायच्या खोऱ्यात शिरली, लाखो लोक मेले आणि विस्थापित झाले, आणि १९४७ मध्ये तिला पुन्हा जुन्या पात्रात आणलं गेलं. हा प्रसंग शिकवताना माझा आवाज आजही जड होतो, कारण त्या मैदानातल्या शेतकऱ्याला शत्रू आणि स्वकीय दोघांनीही त्याच पाण्यात लोटलं.

नंतर धरणं आली. सानमेनशिया धरणाचं पाणी १९६० मध्ये अडवलं आणि थोड्याच वर्षांत जलाशय गाळानं इतका भरला की मागच्या वेइ नदीच्या खोऱ्याला पुराचा धोका निर्माण झाला. गाळ बाहेर सोडता यावा म्हणून धरणाची रचना बदलावी लागली. त्या अनुभवातून खाली शियाओलांगदी धरण बांधलं, जिथून ठरावीक काळी पाणी सोडून पात्रातला गाळ धुऊन काढतात. पठारावर बांधबंदिस्ती केली, उतारावरची शेती थांबवून झाडं आणि गवत लावलं. आज नदीतला गाळ पूर्वीच्या तुलनेत फार थोडा उरला आहे. माझ्या मते चीनच्या अलीकडच्या भूगोलातली ही फार मोठी घटना आहे, आणि आपल्या क्रमिक पुस्तकांतली जुनी वाक्यं त्या मानानं मागे पडली आहेत. मात्र पाण्याची टंचाई वाढली. सिंचनासाठी इतका उपसा झाला की १९९७ मध्ये नदीचा खालचा टप्पा २२६ दिवस कोरडा होता, पाणी समुद्रापर्यंत पोचलंच नाही. त्यानंतर पाणीवाटपावर कडक नियंत्रण आलं.

दक्षिणेला पाण्याची कमतरता नाही. यांगत्से सुमारे ६,३०० किलोमीटर लांब आहे, पिवळी सुमारे ५,४६४. लांबीत फरक थोडा, पण यांगत्सेचं वार्षिक पाणी पिवळीच्या पंधरापटीहून अधिक. सिचुआनच्या खोऱ्यात इसवी सनापूर्वी २५६ च्या सुमारास ली बिंग या अधिकाऱ्यानं मिन नदीवर दुजियांगयान इथे धरण न बांधता पाणी विभागून कालव्यांत नेण्याची व्यवस्था केली, आणि ती आजही शेतीला पाणी देते. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला सोंग सम्राटानं चंपा, म्हणजे आजच्या मध्य व्हिएतनाममधलं लवकर येणारं भाताचं बियाणं यांगत्सेच्या खोऱ्यात वाटलं. दोन पिकं निघू लागली आणि देशाच्या लोकसंख्येचा तोल उत्तरेकडून दक्षिणेकडे झुकला. पुढे अमेरिकेतून आलेले मका आणि रताळी यांनी भात न पिकणाऱ्या टेकड्याही वसवल्या. तू दाटीचं कारण विचारलंस ना, त्याचं एक उत्तर इथे आहे: कमी जमिनीतून जास्त काढण्याची सवय तिकडे फार जुनी आहे. आजही चीनमध्ये हेक्टरी भात सुमारे ७ टन निघतो, आपल्याकडे ४ च्या आसपास. जमीन आपल्याहून कमी असूनही त्यांचं धान्य जवळजवळ दुप्पट आहे. पण त्याची किंमत उत्तरेच्या मैदानातल्या भूजलानं मोजली आहे.

दक्षिणेचं धान्य उत्तरेच्या राजधानीला पोचवण्यासाठी सुई राजघराण्याच्या काळापासून कालवे जोडत गेले. हांगचौ ते बीजिंग हा महाकालवा सुमारे १,८०० किलोमीटरचा. आता धान्याऐवजी पाणीच उत्तरेला नेतात. दक्षिण-उत्तर जलवहन प्रकल्पाचा पूर्व मार्ग २०१३ मध्ये आणि मध्य मार्ग डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाला. मध्य मार्ग हान नदीवरच्या दानजियांगकोउ जलाशयातून निघून हजाराहून जास्त किलोमीटर उतारानं वाहत बीजिंगला येतो. यांगत्सेवरच्या थ्री गॉर्जेस धरणाची क्षमता २२,५०० मेगावॉट आहे आणि त्यासाठी सुमारे १३ लाख लोकांना घरं सोडावी लागली. परीक्षेत क्षमता विचारतात, विस्थापितांचा आकडा क्वचित. तू दोन्ही लिही.

पश्चिमेबद्दल थोडक्यात, पण गांभीर्यानं. शिनजियांग १६ लाख चौरस किलोमीटरहून मोठा, २०२० मध्ये माणसं सुमारे २ कोटी ५८ लाख. तिबेट स्वायत्त प्रदेश १२ लाख चौरस किलोमीटर, माणसं ३६ लाखांच्या आसपास. तकलामकान वाळवंटाच्या कडेनं मरूद्यानांची माळ आहे, कारण तियानशान आणि कुनलुनवरचं बर्फ वितळून तिथे पाणी येतं. तुर्फानच्या खोलगट भागात, समुद्रसपाटीच्या १५४ मीटर खाली गेलेल्या त्या प्रदेशात, जमिनीखालून खोदलेल्या कारेझमधून पाणी नेतात. एकूण देशात ९१ टक्के लोक हान आहेत आणि सरकार ५५ अल्पसंख्य जमाती मानतं, पण या जमातींची भूमी मुख्यतः सीमांवर आहे, आणि खनिजं, तेल, वायू, मोठ्या नद्यांचे उगमही तिथेच. सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा, साल्विन, मेकाँग, यांगत्से, पिवळी या सगळ्या तिबेटच्या पठारावरून निघतात. बीजिंग या विरळ भूमीवर इतकं घट्ट नियंत्रण का ठेवतं, हे यावरून कळेल. शिनजियांगमधल्या उइगुर मुस्लिमांना कोंडून ठेवल्याबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं ऑगस्ट २०२२ मध्ये गंभीर अहवाल दिला. मानवी भूगोल लिहिताना ती बाब गाळू नये. आपल्याशी थेट संबंध असलेली गोष्ट म्हणजे अक्साई चीन, सुमारे ३८,००० चौरस किलोमीटर. भारताचा हा प्रदेश चीननं ताब्यात ठेवला त्यामागे शिनजियांग आणि पश्चिम तिबेट यांना जोडणारा रस्ता होता, जो १९५७ मध्ये पूर्ण झाला.

वेळेचंही बघ. ७३ ते १३५ पूर्व रेखांश असा ६२ अंशांचा पसारा, आणि १९४९ नंतर सगळीकडे घड्याळ बीजिंगचं. काशगरमध्ये डिसेंबरात अधिकृत वेळेनुसार सकाळी दहा वाजून गेल्यावर सूर्य उगवतो. स्थानिक लोक दोन तास मागे असलेली वेळ व्यवहारात वापरतात. आपलीही प्रमाणवेळ एकच, ८२.५ अंशांची, पण आपला पसारा जवळपास ३० अंशांचा.

आता किनाऱ्याच्या दाटीकडे ये. १९७८ मध्ये चीनमध्ये शहरी लोक १८ टक्के होते, २०२० मध्ये जवळजवळ ६४ टक्के. १९८० मध्ये ग्वांगदोंग प्रांतातल्या शेनझेनला विशेष आर्थिक क्षेत्र झालं. २०२० मध्ये तिथे १ कोटी ७६ लाख माणसं होती. ग्वांगदोंग प्रांत सुमारे १ लाख ८० हजार चौरस किलोमीटरचा, महाराष्ट्राहून बराच लहान, आणि त्याची लोकसंख्या १२ कोटी ६० लाख. पण ही माणसं तिथली सगळी नागरिक म्हणून स्थिरावलेली नाहीत. १९५८ पासून हुकोउ नावाची कुटुंबनोंदणी आहे. गावची नोंद असलेला माणूस शहरात काम करू शकतो, पण मुलांची शाळा, दवाखाना, निवृत्तीवेतन यांचे पुष्कळ हक्क नोंदीच्या गावी अडकतात. काही सवलती अलीकडे दिल्या गेल्या असल्या तरी मोठ्या महानगरांत ही भिंत ठाम आहे. २०२० च्या जनगणनेत अशी आपल्या नोंदणीच्या जागेपासून दूर राहणारी तरती लोकसंख्या सुमारे ३७ कोटी ६० लाख होती. आई-वडील ग्वांगदोंगच्या कारखान्यात आणि मुलं सिचुआनच्या गावात आजी-आजोबांकडे, अशी कोट्यवधी घरं आहेत. ठाण्या-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांसाठी आलेल्या माणसांचं आयुष्य तू पाहिलंस, पण आपल्याकडे मुलाला शाळेत घालताना गावची नोंद आड येत नाही. हा फरक उत्तरात आला तर तपासणाऱ्याला कळेल की तू समजून लिहिते आहेस.

बंदरांचंही कारण भूगोलच. शांघाय यांगत्सेच्या मुखाशी आहे, म्हणून खोऱ्यातल्या कोट्यवधी लोकांचा माल तिथे उतरतो. पण मुखाशी गाळ असल्यानं मोठ्या जहाजांना खोली पुरत नव्हती. म्हणून समुद्रातल्या यांगशान बेटांवर खोल बंदर बांधून ३२.५ किलोमीटरच्या पुलानं ते २००५ मध्ये जोडलं. २०१० पासून शांघाय जगातलं सर्वात व्यस्त कंटेनर बंदर आहे. उरणच्या जेएनपीए बंदरात जहाजांवरून उतरणाऱ्या कंटेनरांत शांघाय, निंगबो, शेनझेन इथे भरलेले पुष्कळ असतात. उलव्याच्या पुलावरून दिसणारी ती कंटेनरची वाहतूक पाहशील तेव्हा तिच्यामागची नदी आठव.

एक सूचना. चोंगचिंग हे ३ कोटी २० लाख लोकांचं जगातलं सर्वात मोठं शहर, असं अनेक टिपणांत छापलेलं दिसतं. चोंगचिंग नगरपालिका क्षेत्र सुमारे ८२,४०० चौरस किलोमीटरचं आहे, आपल्या संपूर्ण कोकण विभागाच्या अडीच पटीहून मोठं. त्यात डोंगर आणि शेतीची गावं आहेत. ते प्रांतासारखं धर.

हूची रेषा ओलांडता येईल का, हा प्रश्न तत्कालीन पंतप्रधान ली खछियांग यांनी २०१४ मध्ये स्वतः मांडला होता. मला वाटतं आता बदल दुसरीकडे होतो आहे: रेषेच्या आग्नेय बाजूच्या आतच. २०२२ पासून चीनची एकूण लोकसंख्या घटू लागली. १९७९-८० पासूनचं एक मूल धोरण २०१६ पासून सैल केलं, २०२१ मध्ये तीन मुलांची मुभा दिली, तरी जन्म वाढले नाहीत. प्रांतनिहाय बघ. २०१० ते २०२० या दशकात ग्वांगदोंग १० कोटी ४३ लाखांवरून १२ कोटी ६० लाखांवर गेला. त्याच काळात हेइलोंगजियांग ३ कोटी ८३ लाखांवरून ३ कोटी १९ लाखांवर आला. शेजारचा जिलिन २ कोटी ७५ लाखांवरून २ कोटी ४१ लाखांवर, लियाओनिंगही घटला. सुपीक काळी जमीन, कोळसा, तेल आणि जुने अवजड उद्योग सगळं असलेला हा प्रदेश, पण उद्योग मंदावले, हिवाळा कडक, आणि तरुण दक्षिणेला निघून गेले. हूच्या रेषेचं उत्तर टोक, हेइहे, याच हेइलोंगजियांगमध्ये आहे. आराखडा नकाशावर २०१० आणि २०२० चे प्रांतांचे आकडे शेजारी शेजारी लिही, घट झालेले प्रांत एका रंगानं आणि वाढलेले दुसऱ्या रंगानं भर. छिनलिंग-ह्वाय रेषेच्या वर कोणता रंग जास्त येतो ते मोज आणि मला कळव. पुढचं त्यावरच बोलू.